दादाला ‘नाही’ कोण म्हणणार?

पत्र

ताई,

मी कुडाळची. चुलतभाऊ आणि मी मिळून चार वर्षांपूर्वी व्हिडिओ गेमची कंपनी काढली. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणते. तो पुण्यात आर्टिस्ट होता, मी प्रोग्रॅमर. लॉकडाऊनमध्ये गावी आलो ते परत गेलोच नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, आम्ही दोघंच संचालक. आम्हाला धरून अकरा माणसं आहेत.

आमचा गेम दशावतारावर, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतल्या लोकनाट्यावर आहे. पूर्वरंगात संकासूर राक्षस, मग तीन आख्यानं. एका परदेशी पब्लिशरनं (गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीनं) तो घेतला. 40 लाखांची आगाऊ रक्कम पाच टप्प्यांत मिळायची, नंतर विक्रीत आमचा वाटा 40 टक्के. दोन टप्पे मिळाले. तिसऱ्या टप्प्याचं काम त्यांनी सात मुद्दे काढून नापास केलं. 18 सप्टेंबरपर्यंत परत पाठवायचं आहे.

खात्यात 11 लाख 80 हजार आहेत, महिन्याचा खर्च 5 लाख 60 हजार. (यात माझा 45 हजार पगार धरलेला नाही, मार्चपासून मी तो घेतलेला नाही. संगीतकार आणि इतर बाहेरच्यांचा कापलेला 62 हजार टीडीएस भरायचा राहिलाय.) पुण्याच्या एका कंपनीसाठी ॲनिमेशनचं काम केलं होतं, तिच्याकडून 3 लाख 20 हजार आणि वर जीएसटी येणं आहे. चार महिने झाले.

दादा म्हणतो, आणखी चार माणसं घेऊ, काम लवकर उरकेल. पैशांसाठी बाबा-काकांच्या सामायिक कलमांच्या बागेवर कर्ज काढू. काही विचारलं की म्हणतो, “सगळा होतला गो.” ऑफिसात मुलांना यातलं काहीच माहीत नाही. रत्नागिरीचे एक ओळखीचे 25 लाख द्यायला तयार आहेत, पण त्यांना पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी बनवून हवी आहे.

मी सीईओ व्हावं का? मला फक्त कोड लिहिता येतो. की बाहेरून कुणी अनुभवी माणूस आणावा? आणि गणपतीत बोनस द्यायचा की नाही?

– एक वाचक, कुडाळ

उत्तर

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तू कंसात टाकलास, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

जो पगार तू घेत नाहीस तोही खर्चच आहे. तो तू कंपनीला बिनव्याजी, बिनकागदी उसना देते आहेस, आणि त्यामुळे तुमचा महिन्याचा आकडा खोटा दिसतो. खरा खर्च 6 लाख 5 हजार. आता खात्याकडे बघ. 62 हजारांचा टीडीएस तुमचा नाहीच. तो सरकारचा पैसा आहे, कापलेल्या महिन्यानंतर 7 तारखेपर्यंत भरायचा असतो. उशीर झाला की महिन्याला दीड टक्का व्याज लागतं, आणि कापून न भरल्याबद्दल संचालकांवर खटलाही होऊ शकतो. पुण्याच्या बिलावरचा जीएसटी 57 हजार 600 होतो. समोरच्यानं पैसे दिले नसले तरी बिल फाडलं की तो देणं लागतोच. तू त्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस, म्हणून तोही राहिलाय असं धरते. भरला असलास तर तेवढं मिळव. एकूण 1 लाख 19 हजार 600 बाजूला काढले की तुमच्या हातात राहतात 10 लाख 60 हजार 400.

सरासरी काढली तर हे पावणेदोन महिने पुरतात. पण पगार सरासरीनं होत नाहीत, तारखेला होतात. तुझ्या पत्रावर 20 जुलै आहे. 31 जुलैचे पगार आणि खर्च निघतील. 31 ऑगस्टला मात्र खात्यात जवळपास दीड लाख कमी असतील. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला. म्हणजे कोकणात ज्या पगाराची माणसं वर्षभर वाट बघतात, नेमका तोच पगार अपुरा पडणार. दादाला तू ‘पैसे दोन महिन्यांचे आहेत’ असं सांगत असशील तर ते आजपासून थांबव. ‘31 ऑगस्टला दीड लाख कमी आहेत’ असं सांग. पहिल्या वाक्याला “होतला गो” हे उत्तर चालतं, दुसऱ्याला चालत नाही.

त्यासाठी तेरा आठवड्यांचा तक्ता लागेल. साध्या एक्सेलमध्ये कर. प्रत्येक आठवड्याला काय येणार, काय जाणार, शिल्लक किती. येणाऱ्या पैशांत फक्त ज्याची तारीख लेखी मिळाली आहे तेच घाल. तिसऱ्या टप्प्याचे 8 लाख आज त्यात बसत नाहीत. नापास झालेल्या कामाचे पैसे बसत नाहीतच, आणि पास झाल्यावरही बिल दिल्यापासून किती दिवसांनी ते मिळतात ते करारात बघ. महिना तरी सहज जातो. तुमचा सीए हा तक्ता करून देईल अशा भरवशावर राहू नकोस. त्याचं काम विवरणपत्रं वेळेत भरण्याचं. पुढच्या शुक्रवारी काय होणार हे तुम्हालाच ठाऊक.

आता पुण्याचे पैसे. ते आले तर ऑगस्टचा पगार सुटतो, इतकं सरळ आहे. काम घेतलं तेव्हा तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) होती का ते बघ. असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग ठरता, आणि काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रारही करता येते. शिवाय अशी थकवलेली रक्कम जोवर देत नाहीत तोवर त्यांना आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांच्या अकाउंट्सवाल्याला मेलमध्ये सभ्यपणे लिही. मालकाला दहा फोन करून जे होत नाही ते अशा एका ओळीनं होताना मी पाहिलंय. (नोंदणी नसेल तर आजच करून घे. जुन्या बिलाला उपयोग नाही, पुढच्यांना होईल.)

दादाचा सगळा हिशेब ‘गेम आला की 40 टक्के आपले’ यावर उभा आहे. तुम्ही बागायतदारांच्या घरातली मुलं, तुम्हाला हे दुसऱ्या भाषेत सांगायला नको. हंगामाआधी वाशीच्या दलालाकडून उचल घेतली की पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, आधी उचल वळती होते, अडत-हमाली कापली जाते, मग उरलं तर आपलं. पब्लिशरची आगाऊ रक्कम ही अशीच उचल आहे. प्रश्न एवढाच, की ती कशातून वळती होणार? करारात हे कलम शोध आणि दोघांनी एकत्र बसून वाचा.

100 रुपयांची विक्री झाली तर स्टीमसारखं गेम विकणारं ऑनलाइन दुकान साधारण 30 ठेवतं. उरले 70. उचल जर या पूर्ण 70 मधून फिटत असेल, तर साधारण 57 लाखांच्या विक्रीनंतर तुमचा वाटा सुरू होतो. पण ती फक्त तुमच्या वाट्यातून, म्हणजे 70 च्या 40 टक्क्यांतून, 28 रुपयांतून फिटत असेल, तर पहिला रुपया दिसायला सुमारे 1 कोटी 43 लाखांची विक्री व्हावी लागेल. आगाऊ रक्कम तीच, टक्के तेच, एका कलमानं एवढं अंतर पडतं. यात कर धरलेला नाही, आणि परत केलेल्या प्रती तर वेगळ्याच. स्टीमवर विकत घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो, आणि लोक करतात. म्हणून तेरा आठवड्यांच्याच नव्हे, पुढच्या वर्षाच्या हिशेबातही गेमच्या विक्रीचे पैसे शून्य धरा. आले तर आनंद आहे.

बागेवर सही करू नकोस. याला मी पण-परंतु लावणार नाही. प्रायव्हेट लिमिटेड कशासाठी काढतात? धंदा बुडाला तर बुडणारी रक्कम कंपनीपुरती राहावी म्हणून. घरची जमीन तारण ठेवली आणि वैयक्तिक हमी दिली की ती भिंत तुम्ही स्वतःच पाडता. शिवाय बाग सामायिक आहे. सातबाऱ्यावर बाबा-काकांची नावं, आजोबांची जमीन असेल तर आत्यांचाही हक्क येतो, आणि सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बँक पुढे जाणार नाही. म्हणजे तुमच्या गेमचा तिसरा टप्पा पास होतो की नाही यावर आत्यांच्या वाट्याची झाडं पणाला लागणार, आणि त्यांना पब्लिशर म्हणजे काय हेही कुणी सांगितलेलं नसणार. आणि हे सगळं कशासाठी? चार नव्या माणसांच्या पगारासाठी. नवा माणूस तुमचा कोड समजून घेईपर्यंत महिना जातो, त्याला शिकवायला तुझाच वेळ जातो, आणि तुमच्याकडे 18 सप्टेंबरपर्यंत साठ दिवस आहेत. त्यातले गौरी-गणपतीचे दिवस वजा कर. 14 ला चतुर्थी आणि 18 ला काम द्यायचं! परदेशातल्या माणसाला हे माहीत नसणार, मान्य. पण तारखेवर सही करणारा कुडाळचाच होता ना?

अमेरिकेत 38 स्टुडिओज नावाची गेम कंपनी होती. काढणारा कर्ट शिलिंग, बेसबॉलमधला नावाजलेला खेळाडू, गेमचा खरोखरचा वेडा. ऱ्होड आयलंड राज्यानं 2010 मध्ये त्याच्या साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांचा पहिला गेम आला, दहा लाखांवर प्रती खपल्या. तरीही मे महिन्यात पगार झाले नाहीत, त्याच महिन्यात सगळ्यांना काढल्याचं ईमेलनं कळवलं, जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज. गेम वाईट होता म्हणून हे झालं नाही. ज्या मोठ्या गेमवर पैसा चालला होता तो अजून बनतच होता, आणि दर महिन्याचा खर्च येणाऱ्या पैशाच्या कितीतरी पुढे पळत होता. मला त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते ती वेगळीच: पैसे संपल्याचं बहुतेक माणसांना पगार जमा झाला नाही तेव्हा कळलं. काहींचा आरोग्य विमाही त्याबरोबर गेला.

म्हणून मुलांना सांग. या आठवड्यात सांग. पुण्या-बंगळुरात एका स्टुडिओतून बाहेर पडलेला मुलगा दुसरीकडे लागतो, घर न बदलता. कुडाळात तसं नाही. तुमच्या ॲनिमेटरला पुढची नोकरी म्हणजे खोली, डिपॉझिट, आणि आई-वडिलांना पुन्हा एकटं सोडणं. त्याला दोन महिने आधी कळणं आणि दोन दिवस आधी कळणं यात फार फरक आहे. सांगताना भाषण नको. खात्यात किती आहेत, कोणत्या तारखेला किती कमी पडतात, त्यासाठी तुम्ही दोघं काय करताय, आणि पुढचं कधी सांगणार, एवढंच. एखादा सोडून जाईल. जाऊ दे, आणि त्याला चांगलं पत्र लिहून दे. बाकीचे काय करतील हे मी इथून सांगू शकत नाही, पण त्यांना अंदाज आधीच आला असणार. नऊ माणसांच्या ऑफिसात मालकीण मार्चपासून डबा घरून आणते आणि चहाचं बिल तपासते, हे कुणाच्या नजरेतून सुटत नाही. (डब्याचं मी मनचं घातलंय. चुकलं तर सांग.)

आता सीईओ. तुमच्यासारख्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडला सीईओ नेमणं कायद्यानं लागतच नाही, तेव्हा त्या पाटीवरून घरात महाभारत नको. खरा प्रश्न असा आहे, की खर्चाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे? आज तो कोणाकडेच नाही. तू म्हणू शकत नाहीस, कारण तो दादा आहे. आणि दादा स्वतःला म्हणणार नाही, कारण गेम त्याचा जीव आहे. दोनच संचालक, दोघांची मतं सारखी, म्हणजे बरोबरी झाली की जो मोठ्यानं बोलतो त्याचं चालतं.

हे नात्यानं सुटणार नाही, कागदानं सुटेल. संचालक मंडळाची बैठक घ्या, दोघांची का होईना, आणि ठराव करा. 25 हजारांवरच्या कोणत्याही रकमेला दोघांच्या सह्या. नवीन माणूस, नवीन करार, नवीन कर्ज यांना तुझी लेखी मंजुरी. गेम कसा दिसावा, कसा वाटावा यावर शेवटचा शब्द दादाचा, त्यात तू बोट घालायचं नाही. बँकेतही तशी सूचना द्या, म्हणजे नेट बँकिंगवर एकानं रक्कम भरली तर दुसऱ्यानं मंजूर केल्याशिवाय ती जाणार नाही. दर शुक्रवारी तक्ता उघडून पंधरा मिनिटं बसा. हा विषय घरच्या ओटीवर मात्र काढू नकोस. तिथे काका असतात, बाबा असतात, आणि तिथे तू धाकटी आहेस. ऑफिसात काढ, दुपारी, दार लावून. दादाला दादाच म्हण, अहो-जाहो करून उगीच परकेपणा आणू नकोस. फक्त समोर तक्ता ठेव आणि ऑगस्टच्या रकान्यावर बोट ठेव.

‘मला फक्त कोड लिहिता येतो’ हे वाक्य मात्र मला पटलं नाही. सातोरू इवाता प्रोग्रॅमरच होते. जपानमधली एचएएल लॅबोरेटरी ही गेम कंपनी 1993 मध्ये कर्जात बुडत होती तेव्हा त्यांना अध्यक्ष केलं. वय 33. व्यवस्थापनाचं शिक्षण नाही. त्यांनी कंपनीतल्या प्रत्येक माणसाशी समोरासमोर बसून बोलायला सुरुवात केली, कोण कुठे अडलंय ते समजून घेतलं, आणि काही वर्षांत कंपनी कर्जातून बाहेर काढली. पुढे 2002 मध्ये ते निन्टेंडो या बड्या गेम कंपनीचे अध्यक्ष झाले. 2011 मध्ये थ्रीडीएस या त्यांच्या गेम-यंत्राची किंमत घाईघाईनं उतरवावी लागली तेव्हा त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, 2014 मध्ये वी यू हे दुसरं यंत्र चाललं नाही तेव्हा पुन्हा. त्यांचं नाव घेऊन हल्ली कोणीही कोणालाही उपदेश करतो, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेव: निन्टेंडोच्या तिजोरीत भरपूर रोकड होती, म्हणून पडत्या काळात माणसं न काढणं त्यांना परवडलं. तुम्हाला कदाचित परवडणार नाही. पण घाईतली कात्री आधी स्वतःच्या पगाराला लावणं तुम्हालाही जमेल. तू 22 हजार 500 घे. शून्य नको, निम्मा. दादाचाही निम्मा कर, आणि दोन्ही आकडे वहीत दिसू देत.

बाहेरून पूर्णवेळ अनुभवी माणूस आणायचा विचार आत्ता सोड. ज्याला हे खरंच येतं त्याचा पगार तुमच्या तीन मुलांएवढा असेल. महिन्यातून दोनदा येणारा, आकडे नीट वाचणारा एखादा सीए किंवा निवृत्त बँकवाला सावंतवाडी-कुडाळात मिळेल. त्याच्याकडून एकच काम करून घ्या: शुक्रवारच्या तक्त्यावर अवघड प्रश्न विचारणं.

रमीवाल्या ओळखीच्यांना चहा पाजून परत पाठवा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आहे. असा गेम देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्याला मदत करणंही कायद्यात बसत नाही. 25 लाख कोणी इतक्या सहज देऊ करतो तेव्हा तो कायदा वाचून आलेला असतो, असं मला वाटतं.

आता पब्लिशर. त्यांच्या सात मुद्द्यांपैकी किती कोडचे आणि किती चित्रांचे, ते तू लिहिलं नाहीस. पण दोघांनी बसून विभागणी करा आणि तेवढेच दुरुस्त करा. अशा वेळी दादासारख्या माणसाला आणखी एक सुंदर दृश्य सुचतं, ते वहीत लिहून ठेवू दे. मग पब्लिशरला मेल लिही, आणि तो त्यांच्या फोनची वाट न बघता लिही. तीन गोष्टी माग. तारीख 18 सप्टेंबरऐवजी 5 ऑक्टोबर, कारण सणाला ऑफिस बंद असतं आणि पावसाळ्यात वीज जाते; हे आधी सांगितलं तर अडचण, नंतर सांगितलं तर सबब. तिसऱ्या टप्प्याचे दोन तुकडे: संकासुराची लढाई ठरलेल्या वेगानं चालली की चार लाख, बाकीचं झालं की चार. आणि तीन आख्यानांऐवजी दोन. तिसरं आख्यान गेम आल्यावर, विक्री बघून. पब्लिशरला अर्धवट सुटलेल्या स्टुडिओपेक्षा छोटा पण पूर्ण झालेला गेम हवा असतो, त्याचेही 16 लाख त्यात गुंतलेत. तो नाही म्हणाला तरी तुला ते जुलैत कळेल, सप्टेंबरात नाही.

तिसरं आख्यान कापायचं म्हटल्यावर दादा दुखावणार. त्याच्यासाठी तो गेमचा भाग नाही, लहानपणी जत्रेत रात्रभर जागून पाहिलेलं काहीतरी आहे. त्याला तेवढा वेळ दे. एक दिवस. तेरा आठवड्यांच्या तक्त्यात एक दिवस बसतो.

राहिला बोनस. तुमच्याकडे वीसपेक्षा कमी माणसं आहेत, त्यामुळे कायद्यानं तो बंधनकारक नाही, आणि यंदा देऊ नका. ऑगस्टचा पगार 31 तारखेला पूर्ण देता आला तर तेवढं पुरे, आणि बोनस नाही हेही याच बैठकीत सांगून टाक, म्हणजे कोणी त्या भरवशावर मखराची आणि मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांची बेगमी करून बसणार नाही. पुण्याचे पैसे चतुर्थीआधी पूर्ण आले, तर आधी टीडीएस आणि जीएसटी भरलाय ना ते बघ. मग उरतील त्यातून प्रत्येकाला काहीतरी द्यावंसं तुला वाटेल. तेव्हा तक्त्यातला ऑक्टोबर बघ आणि मग ठरव.